कार्यालयातल्या जुन्या नस्त्यांचा डेटाबेस: शोधणाऱ्याच्या सोयीने कसा बांधायचा

अभिलेख कक्षात नस्ती (फाइल) मागायला येणाऱ्या माणसाला नस्तीचा क्रमांक माहीत नसतो. त्याला आठवते ते असे: "देशमुख मॅडमच्या वेतननिश्चितीची फाइल, २०१४ किंवा १५ची असेल," किंवा "ते पाझर तलावाचे प्रकरण, कोर्टात गेलेले." आपल्या नोंदवह्या मात्र क्रमांकाने सुरू होतात. मग कोणीतरी हौसेने संगणकावर डेटाबेस करायला घेतो आणि तीच नोंदवही जशीच्या तशी पडद्यावर चढवतो, वर आणखी दहा रकाने जोडतो. सहा महिन्यांत त्यात नोंदी होणे थांबते आणि सगळे पुन्हा जुन्या शिपायाला हाक मारू लागतात, कारण कुठला गठ्ठा कुठे हे त्याच्याच डोक्यात असते. तो निवृत्त झाला की संपले.

म्हणून रकाने ठरवायचे ते शोधणाऱ्याला काय आठवते त्यावरून. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती आहेत. डोळ्यांसमोर धरले आहे ते पाच ते वीस हजार जुन्या नस्त्या, दोन-तीन संगणक आणि एखादा लिपिक असलेले कार्यालय: तालुक्याचे सरकारी कार्यालय, अनुदानित शिक्षणसंस्था, नगरपरिषदेचा एखादा विभाग. नव्या नस्त्या एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या) ई-ऑफिस या संगणकप्रणालीत जात असल्या तरी मागची तीस-चाळीस वर्षे रॅकवर कापडात बांधलेलीच असतात.

कायद्याची बाजूही आधी लक्षात घ्या. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्येच अभिलेख सूचीबद्ध करून ठेवण्याचे बंधन आहे. अर्ज आला की ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि विनाकारण उशीर झाल्यास जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. "नस्ती सापडत नाही" ही माहिती नाकारण्याची सबब कायद्यात कुठेही नाही. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे विहित पद्धत सोडून अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. साहेबांकडून या कामासाठी माणूस आणि वेळ मागताना टिप्पणीत ही दोन वाक्ये घाला. उपयोग होतो.

टप्पा १: संगणक उघडण्याआधी रॅक

पहिले काही दिवस संगणकाला हातच लावायचा नाही. खोली झाडून घ्या, कपाटांना आणि रॅकना ठळक क्रमांक द्या, प्रत्येक खणाला वरून खाली क्रमांक द्या. मग गठ्ठ्यांना क्रमांक द्या. गठ्ठा क्रमांक संपूर्ण खोलीसाठी एकच सलग असावा: १ ते शेवटपर्यंत. प्रत्येक रॅकला पुन्हा १ पासून सुरुवात केली की गठ्ठा हलवताक्षणी घोटाळा होतो. क्रमांक पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून गठ्ठ्याच्या दर्शनी बाजूला बांधा. नुसता चिकटवलेला कागद पावसाळ्यात गळून पडतो.

याच वेळी वर्गवारी झाली आहे का पाहा. राज्य शासनाच्या कार्यालयांतली रूढ वर्गवारी अशी: 'अ' कायम जतन, 'ब' ३० वर्षे, 'क' १० वर्षे, 'क-१' ५ वर्षे आणि 'ड' १ वर्ष. कुठल्या विषयाची नस्ती कुठल्या वर्गात, हे प्रत्येक खात्याच्या अनुसूचीत ठरलेले असते. ती अनुसूची छापून टेबलावर ठेवा, अंदाजाने वर्ग देऊ नका. सहा गठ्ठा पद्धत (कागद सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत लावून ठेवण्याची सरकारी पद्धत) नीट पाळली गेली असेल तर अर्धे काम आधीच झालेले असते. नसेल पाळली गेली, तर वर्गाचा रकाना रिकामा ठेवून पुढे जा. वर्ग नंतर भरता येतो, जागा आधी कळली पाहिजे.

टप्पा २: कशात बांधायचा

नस्त्या दोन-तीन हजारांच्या आत असतील आणि नोंद करणारी व्यक्ती एकच असेल, तर एक्सेल पुरते. उगाच मोठे काही करू नका. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे अडचण ओळींची कधीच नसते. अडचण असते शिस्तीची. एकाने 'आस्थापना' लिहिले, दुसऱ्याने 'आस्था.', तिसऱ्याने 'अस्थापना', की फिल्टर लावून काही सापडत नाही. शिवाय क्रमांक म्हणून ४-२०१९ टाकले की एक्सेल त्याची तारीख करून 'एप्रिल १९' दाखवते आणि ००४७ टाकले तर पुढची शून्ये खाऊन टाकते. क्रमांकाचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा.

याहून मोठ्या संग्रहाला मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस सोयीचे पडते. मात्र ते ऑफिसच्या प्रत्येक आवृत्तीत मिळत नाही आणि मॅकवर चालत नाही. फुकटचा पर्याय म्हणजे लिब्रेऑफिस बेस. रचना तीच, फक्त स्क्रीन तयार करायला थोडा जास्त वेळ जातो. पुढचे वर्णन ॲक्सेस धरून केले आहे.

टप्पा ३: तक्ते

येथे घाई करू नका. तक्ते चुकले की हजारो नोंदींनंतर ते दुरुस्त करणे जिवावर येते.

पहिला तक्ता 'शाखा': आस्थापना, लेखा, भांडार, बांधकाम वगैरे. प्रत्येकीला दोन-तीन अक्षरी संकेत.

दुसरा 'वर्ग': अ, ब, क, क-१, ड आणि समोर जतनाची वर्षे. कायमसाठी वर्षांचा रकाना रिकामा.

तिसरा 'गठ्ठे': गठ्ठा क्रमांक, खोली, रॅक, खण. जागा नस्तीच्या नोंदीत लिहायची नाही, गठ्ठ्याच्या नोंदीत लिहायची. एका गठ्ठ्यात चाळीस नस्त्या असतात. उद्या गळती लागली म्हणून तो गठ्ठा दुसऱ्या रॅकवर गेला, तर या तक्त्यात एकच बदल करावा लागतो आणि चाळीसही नस्त्यांची जागा आपोआप बदलते. जागा प्रत्येक नस्तीसमोर लिहिणारे डेटाबेस पहिल्या पावसाळ्यानंतर खोटे बोलू लागतात ते यामुळेच.

चौथा आणि मुख्य तक्ता 'नस्ती'. त्यात एवढेच: डेटाबेसने दिलेला अनुक्रमांक, नस्तीवरचा मूळ क्रमांक, शाखा, विषय, संबंधित नावे, शोधशब्द, सुरू झाल्याचे वर्ष, बंद झाल्याची तारीख, वर्ग, गठ्ठा क्रमांक, पृष्ठसंख्या, स्थिती, राखून ठेवण्याचे कारण. पृष्ठसंख्या अनेकांना अनावश्यक वाटते. पण नस्ती बाहेर जाऊन परत आली आणि १४२ पानांची १३९ झाली, तर ते त्याच दिवशी कळायला हवे. टिप्पणी भाग आणि पत्रव्यवहार भाग वेगळे पृष्ठांकित असतील तर दोन रकाने करा. नस्ती अजून चालू असेल तर ती या डेटाबेसमध्ये घ्यायचीच नाही. तिची जागा कार्यविवरण नोंदवहीत.

पाचवा 'नेआण': कुठली नस्ती, कोणी नेली, कुठल्या शाखेत, कधी, कशासाठी, परत कधी आली. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तक्ता हा. बेपत्ता म्हणून शोधली जाणारी नस्ती बऱ्याचदा कोणाच्या तरी टेबलाखाली सुखरूप असते.

नस्तीच्या तक्त्यात अनुक्रमांक आणि मूळ क्रमांक वेगळे का, हा प्रश्न येईल. जुने क्रमांक कधी दोनदा पडलेले असतात, कधी शाखा विलीन झाल्याने त्यांना अर्थ उरलेला नसतो, काही नस्त्यांवर क्रमांकच नसतो. मूळ क्रमांक जसा आहे तसा उतरवा, सुधारू नका. ओळख मात्र डेटाबेसच्या अनुक्रमांकाने ठरवा आणि तो लाल पेनाने नस्तीच्या मुखपृष्ठावर उजव्या कोपऱ्यात लिहा. एकदा दिलेला अनुक्रमांक दुसऱ्या नस्तीला कधीही द्यायचा नाही.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. तक्त्यांची आणि रकान्यांची आतली नावे रोमन लिपीत, बारीक आणि जोडून ठेवा, आणि पडद्यावर दिसणारे शीर्षक 'कॅप्शन' या गुणधर्मात मराठीत द्या. ॲक्सेसच्या आत जो कोड लिहायचा भाग आहे त्याला युनिकोड (संगणकात मराठी अक्षरे साठवण्याची प्रमाण पद्धत) झेपत नाही. मराठी नावांच्या जागी तेथे प्रश्नचिन्हे दिसू लागतात.

टप्पा ४: मराठीचा शोध का फसतो

तयार इंग्रजी नमुने उचलणाऱ्यांना हा भाग कोणी सांगत नाही.

आधी फाँट. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय डेटाबेसमध्ये आणू नका. त्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरे असतात. नव्या नोंदी इनस्क्रिप्टने किंवा कुठल्याही युनिकोड कळफलकाने करा आणि फाँट मंगल किंवा निर्मला ठेवा.

युनिकोडमध्येही खड्डे आहेत. 'ॲ' हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येते, तसेच 'अ' वर चंद्र देऊन दोन चिन्हांनीही. डोळ्याला सारखे, संगणकाला वेगळे. 'कुऱ्हाड', 'शेतकऱ्यांचे' यांतला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो आणि त्यातल्या एका पद्धतीत न दिसणारे जोडचिन्ह असते. 'शेतकऱ्यांचे पुनर्वसन' शोधल्यावर अर्ध्याच नस्त्या दिसल्या तर कारण बहुधा हे असते. उपाय असा: नस्ती तक्त्यात 'शोधरूप' नावाचा एक रकाना ठेवा. तो माणसाने भरायचा नाही. नोंद जतन होताना विषय, नावे आणि शोधशब्द एकत्र जोडून 'रिप्लेस' या सूत्राने तो तयार करायचा. त्यात 'अ' आणि चंद्र यांची जोडी दिसली की त्याजागी एकसंध 'ॲ', 'र्' नंतर अदृश्य जोडचिन्ह आले की त्याजागी 'ऱ्', आणि उरलेली अदृश्य चिन्हे काढून टाकायची. जोडचिन्हाचा दशमान क्रमांक ८२०५, तोडचिन्हाचा (हेही अदृश्य, अक्षरे जुळू न देणारे) ८२०४, आणि 'ऱ' चा २३५३. ही चिन्हे कोडमध्ये थेट टाइप करता येत नाहीत, म्हणून क्रमांकावरून अक्षर देणारे फंक्शन वापरावे लागते. शोधाच्या चौकटीत टाइप झालेला शब्दही याच चाळणीतून जायला हवा, नाहीतर सगळे मुसळ केरात.

आकडे ठरवून एकाच लिपीत टाका. तारखा आणि वर्षांसाठी इंग्रजी आकडे बरे, कारण तारखेची गणिते त्यांवर बिनचूक चालतात.

आता नावे. २०२३ पासून औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला, उस्मानाबाद धाराशिव झाला, २०२४ मध्ये अहमदनगर अहिल्यानगर झाला. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा निघाला, म्हणजे त्याआधीच्या वसई-डहाणूच्या नस्त्यांवर जिल्हा ठाणे आहे. विषय नस्तीवर जसा लिहिला आहे तसाच ठेवा आणि नवे नाव शोधशब्दात घाला. हेच माणसांच्या नावांचे. शिक्षिकेच्या माहेरच्या नावाने नेमणुकीची नस्ती आणि सासरच्या नावाने निवृत्तिवेतनाची, हे तर घरोघरी. दोन्ही नावे 'संबंधित नावे' या रकान्यात हवीत. शोधशब्दात लोकांच्या तोंडी असलेले नावही टाका: कागदावर 'लघुपाटबंधारे योजना क्र. ३' असेल, पण गाव त्याला 'वडाचा तलाव' म्हणत असेल, तर शोधणारा तेच टाइप करणार.

टप्पा ५: तीन पडदे, चौथा नको

वापरणाऱ्याला तक्ते दिसताच कामा नयेत. फाइल उघडली की तीन मोठी बटणे: शोधा, नवी नोंद, नेआण.

'शोधा' वर एक मोठी चौकट, बाजूला वर्षापासून-वर्षापर्यंत आणि शाखेची यादी. तिन्ही ऐच्छिक. खाली निकालात पाचच गोष्टी: अनुक्रमांक, विषय, वर्ष, जागा आणि स्थिती. जागा सलग वाक्यात दाखवा: 'रॅक ३, खण ४, गठ्ठा ११२'. शिपायाला चिठ्ठीवर तेच लिहून द्यायचे असते. नस्ती बाहेर असेल तर ओळ लाल आणि जागेऐवजी 'लेखा शाखा, १२ जूनपासून'.

येथे ॲक्सेसचा एक छुपा सापळा आहे. 'लाइक' आणि तारांकन वापरून शोध लिहिला की ज्या नोंदीत तो रकाना पूर्ण रिकामा आहे ती नोंद निकालातून गायब होते, शोधाची चौकट कोरी सोडली तरी. म्हणून शोध वेगवेगळ्या रकान्यांवर लावू नका, 'शोधरूप' या एकाच जोडलेल्या रकान्यावर लावा. तो कधीच रिकामा नसतो, कारण विषय भरणे सक्तीचे केलेले असते.

'नवी नोंद' मध्ये शाखा, वर्ग आणि गठ्ठा यादीतूनच निवडता आले पाहिजेत. 'लिमिट टू लिस्ट' हा गुणधर्म चालू ठेवा, म्हणजे 'अस्थापना' जन्मालाच येणार नाही. एकाच गठ्ठ्यातल्या नस्त्या ओळीने भरताना शाखा, वर्ष, गठ्ठा तेच ते असते. कंट्रोल दाबून एकेरी अवतरणचिन्ह दाबले की वरच्या नोंदीतली किंमत उतरते. हे एवढे शिकवले तरी नोंद करणारा तुम्हाला दुवा देईल. सक्तीचे रकाने चारच ठेवा: विषय, शाखा, वर्ष, गठ्ठा. दहा सक्तीचे केले तर लोक टिंबे टाकून पुढे जातात.

'नेआण' मध्ये अनुक्रमांक टाकला की विषय दिसावा, नेणाऱ्याचे नाव आणि शाखा भरावी, संपले. पंधरा दिवसांहून जास्त काळ बाहेर असलेल्या नस्त्यांची यादी दर सोमवारी छापून साहेबांच्या टेबलावर जाईल अशी सोय करा. नस्त्या परत येण्याचा वेग बघा मग.

टप्पा ६: नोंदी भरणे

सर्वात जुन्या गठ्ठ्यापासून सुरुवात करण्याचा मोह होतो. तो टाळा. १९७०च्या नस्त्या वर्षातून एकदा मागितल्या जातात, गेल्या दहा-बारा वर्षांच्या रोज. अलीकडून मागे जा, म्हणजे पहिल्याच महिन्यात लोकांना उपयोग दिसतो आणि कामाला पाठिंबा मिळतो.

बेत आखताना एका माणसाच्या दिवसाला पन्नास-साठ नोंदी धरा. त्यातच गठ्ठा सोडणे, विषय वाचणे आणि पुन्हा बांधणे आले. दहा हजार नस्त्यांना या हिशेबाने सुमारे १७० ते २०० कामाचे दिवस लागतात. बाहेरची माणसे लावून ठोक दराने हे काम उरकणाऱ्यांच्या याद्यांत विषय म्हणून 'पत्रव्यवहार' आणि 'इतर' एवढेच सापडते. विषय लिहिणारा माणूस कार्यालयातला हवा.

रोज संध्याकाळी तपासणी दोन दिशांनी: संगणकातल्या कुठल्याही पाच नोंदी घेऊन त्या नस्त्या रॅकवर आहेत का पाहा, आणि रॅकवरच्या कुठल्याही पाच नस्त्या घेऊन त्या संगणकात सापडतात का पाहा. पहिली तपासणी जागेच्या चुका दाखवते, दुसरी शोधशब्दांच्या.

विषयात आधार क्रमांक, आजाराचा तपशील, बँक खाते यांतले काही लिहू नका. नस्ती सापडण्यासाठी त्याची गरज नसते आणि शोधाचा पडदा सगळे पाहतात.

टप्पा ७: स्कॅन

सगळे स्कॅन करायचे ठरवले तर काम कधीच संपणार नाही. 'अ' वर्ग, वारंवार मागितल्या जाणाऱ्या आणि कागद जीर्ण झालेल्या, एवढ्याच नस्त्या आधी. साध्या टंकलिखित कागदाला ३०० डीपीआय आणि कृष्णधवल पुरते. जुनी फिकट शाई, रंगीत शिक्के आणि नकाशे मात्र रंगीत घ्या. कृष्णधवल पान साधारण ५० केबी धरले तर ८० पानांच्या हजार नस्त्या चार जीबीच्या आसपास बसतात. साठवण पीडीएफ-ए प्रकारात करा, तो दीर्घकाळ जतनासाठीच ठरवलेला प्रकार आहे.

स्कॅन डेटाबेसच्या आत घालू नका. ॲक्सेसच्या फाइलची कमाल मर्यादा दोन जीबी आहे, ती चुटकीसरशी भरते. स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये, नाव म्हणजे फक्त अनुक्रमांक, आणि डेटाबेसमध्ये त्याचा पत्ता. फाइलच्या नावात तिरकी रेघ विंडोज स्वीकारत नाही, त्यामुळे तिरकी रेघ असलेला मूळ नस्ती क्रमांक नाव म्हणून वापरताच येत नाही.

टप्पा ८: मुदत आणि नाश

जतनाची मुदत नस्ती उघडल्यापासून मोजत नाहीत, बंद झाल्यापासून मोजतात. बंद झाल्याच्या तारखेत वर्गाची वर्षे मिळवून 'मुदत संपलेल्या नस्त्या' अशी यादी डेटाबेस देईल. ती यादी म्हणजे नाशाचा आदेश नव्हे. न्यायालयीन प्रकरण, लेखापरीक्षणाचा आक्षेप, विभागीय चौकशी किंवा माहिती अधिकाराचा अर्ज प्रलंबित असेल, तर 'राखून ठेवण्याचे कारण' हा रकाना भरा. तो भरलेला असेल तर नस्ती यादीतच येऊ नये अशी अट ही यादी काढणाऱ्या प्रश्नात (क्वेरीत) घाला. सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनंतर नस्ती नष्ट झाली तरी तिची नोंद पुसायची नाही. स्थिती 'नष्ट' करायची आणि आदेशाचा क्रमांक व तारीख लिहायची. दहा वर्षांनी कोणी विचारले तर तेच उत्तर.

टप्पा ९: एकापेक्षा जास्त संगणक, आणि बॅकअप

ॲक्सेसमधली 'स्प्लिट डेटाबेस' ही सोय वापरून तक्ते एका फाइलमध्ये आणि पडदे दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा. तक्त्यांची फाइल एका संगणकाच्या सामायिक फोल्डरमध्ये, पडद्यांची प्रत प्रत्येकाच्या संगणकावर. चालू डेटाबेस गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी उघडला तर तो बिघडण्याचा धोका मोठा आहे. ढगात ठेवायची ती बंद केलेल्या फाइलची प्रत.

बॅकअप रोज, फाइलच्या नावात तारीख घालून. तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. मुंबईत २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यांवरचे पुष्कळ कागद जळाले. शेजारच्या कपाटातल्या पेनड्राइव्हला बॅकअप म्हणत नाहीत. महिन्यातून एकदा एखादी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा आणि त्याच दिवशी मूळ फाइलवर 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवा.

वर्षातून एकदा, ३१ मार्चनंतर, सगळ्या नस्त्यांची गठ्ठावार यादी छापून शिवून ठेवा. वीज नसताना ती चालते. पासवर्ड, फाइलचा पत्ता, बॅकअपची जागा आणि तिन्ही पडद्यांची चित्रे असे दोन पानी टिपण कार्यालयप्रमुखाकडे बंद लिफाफ्यात द्या आणि कार्यभार हस्तांतराच्या यादीत त्याची नोंद घाला, बदल्यांचे आदेश निघण्याआधीच.